एका पिशवीत दोन वटवाघळं

शुक्रवार, गंगाखेडहून पुढे

परभणी जिल्ह्यात मी दोनदा गेले. पहिल्यांदा आठ वर्षांपूर्वी, चांगली ताठ मानेनं. दुसऱ्यांदा गेल्या हिवाळ्यात, आणि तेव्हा गंगाखेडच्या स्टेशनवर उतरताना ओळखीचं कोणी भेटू नये असं वाटत होतं. खरं तर त्या भागात मला ओळखणारी माणसं मोजून तीन, आणि मी चालले होते त्यांच्याच घरी.

आधी काम सांगते. मी कराडकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि वटवाघळांच्या अंगावर राहणाऱ्या माइटांचा अभ्यास करते. माइट म्हणजे गोचिडाच्या नात्यातला आठ पायांचा जीव, पण मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. वटवाघळाच्या पंखाच्या कातडीला तो नखांनी चिकटून राहतो. तिथंच जन्म, तिथंच संसार, तिथंच मरण. उडत्या पंखावर अंडी ठेवायची कुठं, म्हणून मादी थेट पिल्लूच जन्माला घालते. आणि यांची एक खोड अशी, की एका जातीच्या वटवाघळावरचा माइट सहसा दुसऱ्या जातीवर जात नाही. दोन जाती एकाच छताला हातभर अंतरावर लटकत असल्या तरी आपलं घर सोडत नाही. आमच्या शास्त्रातली अर्धी भांडणं या 'सहसा' शब्दावरच चालतात.

त्या 'सहसा'ला मी भोक पाडलं होतं. राणीसावरगावच्या पुढे एका वाडीत पायऱ्यांची जुनी बारव आहे. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव कळलं की लोक टॉर्च घेऊन पोचतात. बारवेच्या भिंतीत एक दगडी खोली आहे आणि तिच्यात दोन जातींची वस्ती आहे. फळं खाणारी मोठी वटवाघळं एका कोपऱ्यात, आणि किडे खाणाऱ्या, नाकावर पानासारखी घडी असलेल्या छोट्या पाकोळ्या दुसऱ्या. मोठ्यांच्या पंखावरचा माइट मला एका पाकोळीच्या पंखावर मिळाला. त्यावर निबंध छापून आला, दोन ठिकाणी भाषणं झाली, कॉलेजात सत्कार झाला. मग एका जाणत्या संशोधकानं त्याच नियतकालिकात सभ्य शब्दांत विचारलं, दोन्ही प्राणी वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवले होते ना?

नव्हते ठेवले. पकडलेलं प्रत्येक वटवाघूळ वेगळ्या, उकळून धुतलेल्या कापडी पिशवीत ठेवायचं, हा आमच्या कामाचा पहिला धडा. मी तो मुलांना फळ्यावर लिहून देते. त्या दिवशी पिशव्या संपल्या होत्या, परतीची एसटी चुकेल म्हणून जीव खाली-वर होत होता, आणि ज्या पिशवीतून मोठं वटवाघूळ काढलं तिच्यातच मी पाकोळी टाकली. माझ्या या हातांनी. पिशवीच्या शिवणीत राहिलेला माइट पाकोळीवर चढला, एवढीच त्या शोधाची गोष्ट.

आणि खुलाशात मी काय लिहिलं? 'पिशव्या हाताळण्याचं काम स्थानिक मदतनीस विश्वनाथ यांच्याकडे होतं. त्यांच्याकडून सरमिसळ झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' नाव घातलं, कारण नाव घातलं की विधान खरं वाटतं. मूळ निबंधाच्या आभारात मात्र हे नाव नव्हतं.

सहा वर्षं कोणी काही विचारलं नाही. मग दुसऱ्या राज्यातल्या एका संशोधक मुलीचं पत्र आलं, की तिनं पुष्कळ ठिकाणच्या पाकोळ्या तपासल्या, एकीवरही तो माइट नाही, तर आपला नमुना बघायला मिळेल का. 'मी स्वतः जाऊन पुन्हा तपासते' असं तिला कळवलं. दुसरं काम तिला कळवलं नाही. विश्वनाथअप्पांना त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं.

गंगाखेड सोडलं की उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालतात. ते आमच्याकडेही असतात, त्यामुळे पहिला अर्धा तास परगावी आल्यासारखं वाटतच नाही. मग ऊस विरळ होतो, काळ्या वावरांत ज्वारी उभी दिसते, लांबवर बोडक्या टेकड्या येतात. एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं माझ्या मांडीवरचं जाळं बघून विचारलं, "मासे धरायला जायलाव का?" मी वटवाघळं म्हटल्यावर तिनं पदर सावरला आणि खिडकीकडे सरकून बसली.

अप्पा बारवेजवळच्या महादेवाचे गुरव. रोज पहाटे बारवेचं पाणी काढून देवाला घालणं, बेल वाहणं, दिवा लावणं हे त्यांच्या घराण्याकडे. सडपातळ, कानात भिकबाळीचं नुसतं भोक राहिलेलं, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघायची सवय. आठ वर्षांपूर्वी बारवेच्या निसरड्या पायऱ्या त्यांनीच मला उतरवल्या होत्या.

"या म्याडम, या. लय दिसांनी वाट धरली."

"एवढ्या वाळल्या काऊन?" मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणाल्या. "तिकडं खाऊ घालत न्हाईत का तुमाला?" आणि लगेच ताटलीत सुशीला पुढं आला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्याच्या कुटाची फोडणी. आमच्याकडे चुरमुरे म्हणजे भडंग, कोरडे कुरकुरीत, भिजवले तर घरचे रागावतील. इथं सकाळच्या पाहुण्याला हाच मान. मी दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि घास तोंडात असतानाच भिंतीकडे नजर गेली.

देवांच्या तसबिरींच्या रांगेत एक फ्रेम होती. काचेमागं एक इंग्रजी पान, त्यावर बाजूला हळद-कुंकवाचं बोट. माझाच खुलासा होता.

"वळखलं का?" अप्पांचा चेहरा फुलला. "तुमीच लिवलेलं. रेखानं मोबाइलमदी काढलं, गंगाखेडला छापून आणलं, फ्रेम करून घेतली. आमच्या सात पिढ्यांत इंग्रजीत नाव छापलेला मी पैला." इतक्यात शेजारचे एक गृहस्थ दारात आले. अप्पांनी त्यांना आत बसवलं, फ्रेम काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "म्याडम, तुमच्याच तोंडानं वाचा की एकदा."

मी वाचलं. इंग्रजीतून, मोठ्यानं, एकेक शब्द. माझा आवाज कापत होता, ते त्यांना विद्वत्ता वाटली असावी.

"म्हंजी काय?" शेजाऱ्यानं विचारलं.

"म्हणजे... अप्पांनी फार मदत केली, असं."

ही दुसरी थाप. पहिली निदान त्यांच्या पाठीमागं मारली होती. मान वर केली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात रेखा उभी होती, अप्पांची मुलगी. आठ वर्षांपूर्वी बारावीत होती, माझ्या भिंगातून माइट बघून "ह्याला तर केस पन हायत!" असं ओरडली होती. आता प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन गंगाखेडला खासगी क्लासमध्ये शिकवते. तिला इंग्रजी येतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी सुशीलाच्या ताटलीत.

शनिवार, बारव

सकाळी मी आणि रेखा बारवेत उतरलो. अप्पांचे गुडघे आता पायऱ्या मानत नाहीत, ते वर कठड्यावर बसले. हातमोजे, मास्क, वन खात्याच्या परवानगीचा कागद, सगळं जय्यत. पिशव्या या वेळी पोतंभर आणल्या होत्या, प्रत्येकीवर नंबर शिवलेला. दगडी खोलीत शिरताना पाय घसरून माझी एक चप्पल पाण्यात गेली आणि शांतपणे तरंगत मधोमध जाऊन थांबली. वरून अप्पा ओरडले, "ऱ्हाऊ द्या, बारव कुनाचं ठेवून घेत न्हाई!"

आत वटवाघळांचा तो आंबूस, पिकल्या पेरवासारखा वास. टॉर्चला लाल कागद लावला होता. मोठी वटवाघळं एका कोपऱ्यात दाटीनं, डोळे चमकवत आमच्याकडे बघत होती. पाकोळ्या पलीकडे, एकमेकींपासून टीचभर अंतर ठेवून. माइटाला अंगाला अंग लागल्याशिवाय घर बदलता येत नाही, आणि या दोन जाती एकमेकींना शिवत नाहीत. हे सगळं छताला लिहिल्यासारखं दिसत होतं. मागच्या खेपेलाही दिसत असणार.

रेखा जाळ्यातून पाकोळी सोडवायची, पंख अलगद पसरायची, मी भिंगानं शोधायची. हात इतके हलके, की मला माझ्या कॉलेजातली मुलं आठवून वाईट वाटलं. चार-पाच पाकोळ्या झाल्यावर, वर अप्पा ऐकत नाहीत याची खात्री करून ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी पण अप्पाला तसंच सांगितलं होतं, मदत केली असं लिवलंय म्हणून. ते किती खूश झालते, तुमी बघायला पायजे होतं. मला खरं सांगवलं न्हाई. पण मी त्यांची लेक हाय. तुमी काऊन सांगितलं?"

मी भिंग पंखाच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवलं.

"वटवाघळांवर काम करायला जागा निघाल्यात एका संस्थेत," ती म्हणाली. "अर्ज उघडला मी, अन् बंद केला. वडलांचं नाव लिवावं लागतंय त्यात. गावाचं पण. ह्या विषयातली मानसं थोडी, सगळ्यांनी ते पान वाचलेलं असणार. समोर बसून कुनी हसलं तर मी काय करू?"

मी एका वाक्यानं माझा सत्कार वाचवला होता. त्या वाक्यानं या मुलीची वाट अडवली असेल, हे सहा वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मला तिथं त्या खोलीत, डोक्यावर वटवाघळं फडफडत असताना, इतकी शरम वाटली की मास्कच्या आत चेहरा भाजत होता. "मी अप्पांना सांगणार आहे," मी म्हटलं.

"कवा?"

"उद्या."

"आज काऊन न्हाई?" तिनं विचारलं आणि पुढची पाकोळी माझ्यासमोर धरली.

दुपारी वापरलेल्या पिशव्या उकळायच्या होत्या. मावशींनी आंघोळीच्या पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही. "वागळाचं मूत माज्या घंगाळात? बाई, तुमी शिकलेल्या, पन येवढ्या बी शिकू नका." अंगणात तीन दगड मांडून, तेलाच्या रिकाम्या डब्यात पिशव्या उकळल्या. त्या डब्यासमोर बसून मी काठीनं ढवळत होते, आणि अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगत होते की म्याडम कराडहून आल्यात, आपल्याच बारवेसाठी.

रविवार, वावरात

दोन दिवसांत धरलेल्या एकाही पाकोळीच्या पंखावर तो माइट नव्हता. पाकोळ्यांचे स्वतःचे माइट होते, पायानं आखूड, पोटावरची ढाल, म्हणजे कडक चकती, वेगळ्या आकाराची. मोठ्या वटवाघळांवर त्यांचे नेहमीचे. मी अंगणात सूक्ष्मदर्शक मांडून काचपट्ट्या बघितल्या, पोटावरच्या ढालीचे आकार बघितले, केस मोजले. ज्याची त्याची वस्ती ज्याच्या त्याच्या घरी होती. माझ्या निबंधात काही उरलं नव्हतं.

अप्पांनी हुरड्याला बोलावलं, रेखाही सोबत आली. त्यांचा ज्वारीचा तुकडा टेकडीच्या पायथ्याशी आहे. आगटीत कणसं भाजून ते तळहातावर चोळत होते आणि गरम दाणे माझ्या ताटात टाकत होते. सोबत लसणाची चटणी, दही. आमच्याकडे हुरडा विकत घेऊन पार्टी करतात. इथं अप्पांनी एक एक कणीस ताटावर वाकून चोळलं, स्वतः खाल्लं नाही. तेवढ्यात मी सांगून टाकलं. पूर्वतयारी करून आणलेली वाक्यं सगळी पळाली. "अप्पा, त्या कागदात तुमची तारीफ नाही. त्यात लिहिलंय की तुम्ही पिशव्यांचा घोळ केला. ते मी लिहिलंय. आणि घोळ मी केला होता."

अप्पांचे हात चोळता चोळता थांबले. दाणे हातातच राहिले.

"मी तवाच म्हन्लतो तुमाला," ते म्हणाले. "एका बैलाची झूल आमी दुसऱ्याच्या अंगावर टाकत न्हाईत म्याडम, गोचीड जातंय. तुमी हसल्या होत्या."

हसले होते. मला ते आठवत होतं. खुलासा लिहितानाही आठवत होतं, आणि हेच मला कोणाला सांगता येत नव्हतं. "आठवतंय," मी म्हटलं.

"रेखाला म्हाईत हाय?"

मी मान डोलावली. ते पोरीकडे वळले नाहीत. "सा वर्सं झाली. देवाला आलेल्या दर मानसाला मी तो कागद दाखवला. पावन्याला दाखवला, तलाठ्याला दाखवला. सोयरिकीला आलेल्या लोकाला दाखवला. आता त्यांच्यापुढं कसं बसू मी?"

मला रडू आलं. पण माझ्या रडण्याचं ओझंही त्यांनीच उचलावं असं वाटेना, म्हणून तोंड फिरवलं. माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही आणि परतही केली नाही. हातातले दाणे आगटीजवळ ठेवले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "उद्या सोमवार हाय. मानसं येत्यात म्हादेवाला. मला सांगितलं तसं त्यांना सांगा. मी दाखवलंय, तुमी सांगा."

घरी आल्यावर त्यांनी स्वतः फ्रेम उतरवली. हळद-कुंकवाचं बोट ओल्या फडक्यानं पुसलं आणि फ्रेम कपाटावर पालथी ठेवली. मावशींनी भाकरी वाढली, धपाटेही केले होते. मी वाढलं तेवढं जेवले.

सोमवार, मंडप

मी वीस वर्षं वर्गावर उभी राहते. परिषदांमधून बोलते. त्या सकाळी महादेवाच्या मंडपात पंधरा-वीस माणसांसमोर उभी राहिले ती खांबाचा आधार घेऊन. हातात बेल घेतलेले शेतकरी, दोन-तीन म्हाताऱ्या, कडेवर मूल घेतलेली एक सून. अप्पा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभे. "म्याडमला बोलायचं हाय," एवढंच म्हणाले.

मी सुरुवात केली आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. माइट म्हणजे काय, तो कुठं राहतो, कुठल्या जातीचा कुठल्या वटवाघळावर, ते ओळखायचं कसं. नमुना गोळा करताना परिस्थिती कशी अवघड असते. कधीकधी सरमिसळ होऊ शकते. मी अजूनही 'होऊ शकते' म्हणत होते. माझं मलाच ऐकू येत होतं आणि थांबता येत नव्हतं.

पुढं बसलेल्या एका म्हातारीनं हात वर केला. दातांचा पत्ता नव्हता, पण आवाज खणखणीत. "ए बाई, थांब जरा. म्हंजी चुकलीस तू, अन् नाव आमच्या गुरवाचं लावलंस. आसंच ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग येवढंच सांगायचं की. किड्याचं पुरान कशाला लावलंस?"

मंडपात हशा पिकला. अप्पा हसले नाहीत. पण गाभाऱ्यात जाऊन त्यांनी घंटा वाजवली आणि पूजा सुरू केली, आणि माणसं एकेक करून त्यांच्या हातचा अंगारा घ्यायला पुढं सरकली. मी रांगेत शेवटी उभी राहिले. माझ्या कपाळालाही त्यांनी अंगारा लावला, इतरांना लावला तेवढाच. माझ्या हाताकडे मात्र बघितलं नाही.

रेखानं मला स्कूटीवरून राणीसावरगावच्या स्टँडपर्यंत सोडलं. अर्जाचं विचारलं तर "बघू" म्हणाली. एसटी हलताना तिनं खिडकीतून धपाट्यांचा पुडा आत टाकला. मावशींनी दिला होता, सांगून ठेवलं होतं की गाडी सुटल्यावरच दे, न्हाई तर परत करील.

कराड

दुरुस्तीपत्राचा पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यात परिस्थिती, मर्यादा, शक्यता असे माझे जुने सोबती सगळे हजर होते. तो फाडला. मग त्या म्हातारीसारखं लिहिलं. पाकोळीवरचा तो माइट पिशवीतून आला. पिशवी मी दुसऱ्यांदा वापरली. विश्वनाथअप्पांनी मला तसं करू नका म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि पुढं दोष त्यांच्या माथी मारला. मूळ निबंध मी मागं घेते.

पाठवण्याआधी त्याचं मराठी करून रेखाला पाठवलं. अप्पांना वाचून दाखव म्हटलं, जसंच्या तसं. दुपारी तिचा निरोप आला. 'वाचलं. अप्पा म्हणतात, विश्वनाथअप्पा घरातल्यांसाठी. छापताना पूर्ण नाव लिवा, वडलांचं नाव अन् आडनाव लावून.'

मी पेन घेऊन बसले आणि तशीच थांबले. त्या घरचं मीठ मी दोनदा खाल्लं होतं. त्या माणसाला साऱ्या विद्वानांसमोर दोषी ठरवलं होतं. त्याच्या बारवेतल्या बारीकशा किड्याच्या पोटावर केस किती, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. त्यांच्या वडिलांचं नाव मला माहीत नव्हतं, आडनावही नाही. फोन लावला. अप्पांनीच उचलला. मी विचारलं, आणि ते एकेक अक्षर सावकाश सांगत गेले, मी लिहीत गेले.